पहिल्यांदाच फॅन कन्व्हेन्शनमध्ये टेबल घेतलंय: किती छापू, कसं मांडू?

रेघारेघा

आठ आठवड्यांनी एका फॅन कन्व्हेन्शनच्या आर्टिस्ट अ‍ॅलीत (कलाकार चाहत्यांना आपलं काम विकायला बसतात त्या भागात) जागा मिळाली आहे, तीही अर्ध्या टेबलाची: ९० सेंमी रुंद, ७५ सेंमी खोल. दोन दिवस, रोज आठ तास. एक खुर्ची मिळेल, वीज नाही, मागे भिंत नाही. याआधी कधीच विकायला बसलेली नाही.

काम सगळं डिजिटल आहे. निम्मी फॅन आर्ट, निम्मी स्वतःची पात्रं. ए४ प्रिंट, स्टिकर आणि अ‍ॅक्रिलिक कीचेन करायचा विचार आहे. किती डिझाइनं ठेवायची आणि प्रत्येकाच्या किती प्रती छापायच्या, याचा अंदाजच येत नाही. छापायला फाइल देताना काय सांभाळायचं? एवढ्याशा जागेत माल दिसेल असा मांडायचा कसा? शिवाय फॉर्मवर ‘आर्ट शो’ असा आणखी एक रकाना आहे, ते वेगळं काही असतं का? सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

कागदकाम

आधी प्रतींचं बोलू, कारण पैसे तिथेच अडकतात.

पहिल्या टेबलावर सर्रास होणारी चूक म्हणजे पाच चित्रं आणि प्रत्येकाचा पन्नासचा गठ्ठा. येणारा माणूस एकाच चित्राच्या दोन प्रती घेत नाही. तो आपल्या आवडीचं काही टेबलावर आहे का ते बघतो आणि नसेल तर पुढे सरकतो. म्हणून चित्रं जास्त, प्रती कमी. अर्ध्या टेबलाला १२ डिझाइनं पुरतात. ज्या तीन चित्रांबद्दल खात्री आहे त्यांच्या १५-१५ प्रती, उरलेल्या नऊंच्या ६-६. एकूण ९९. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) एक ए४ कागद १८.७ ग्रॅम भरतो, म्हणजे हा सगळा गठ्ठा दोन किलोंच्या आतच राहतो. डिजिटल छपाईत इतक्या कमी प्रती काढल्या म्हणून फारसं महाग पडत नाही. प्लेटचा खर्च ऑफसेटला (आधी प्लेटा करून छापायच्या पद्धतीला) असतो, संख्या तिथे लागते. कोणी ‘पाचशे काढा, स्वस्त पडेल’ म्हणालं तर पहिल्या वेळी ऐकू नका. न विकलेला प्रिंट स्वस्त पडत नाही.

कुठवर विकलं की खर्च निघाला, हे छापायच्या आधी काढा. टेबलाचं भाडं आणि प्रवास यांची बेरीज एका प्रिंटच्या किमतीच्या ४० पट आहे असं धरू. छपाई, स्लीव्ह (प्रिंटची पारदर्शक पिशवी) आणि पेमेंटचं कमिशन वजा जाता किमतीचे ७५ टक्के हातात राहत असतील, तर ४० भागिले ०.७५, म्हणजे ५४ प्रिंट. सोळा तासांत ५४ म्हणजे तासाला साधारण साडेतीन. हा आकडा समोर असला की किंमत फार खाली ठेवायचा मोह आवरतो, आणि जागा आपल्याला परवडणारी आहे का तेही कळतं.

‘तीन घ्या’चा भाव जरूर ठेवा. एकाची किंमत १ धरली तर तीन २.५ ला द्या. एकामागे ०.७५ सुटतात; तिनांचा छपाईखर्च ०.७५ वजा केला तर १.७५ सुटतात. एक घेऊन निघालेल्या माणसाने तीन घेतले तर तुमच्या हातात दुपटीहून जास्त येतं. फक्त किमती अशा ठेवा की एखाद-दुसऱ्या नोटेत व्यवहार होईल. सुटे मोजत बसलात की मागे उभा असलेला निघून जातो.

आता फाइल. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापून जाणारा जादा भाग) धरलं की २१६ × ३०३ मिमी, म्हणजे २५५१ × ३५७९. हे ब्लीड चित्राला पांढरी पट्टी जोडून किंवा चित्र ताणून करू नका, पार्श्वभूमी खरोखर पुढे रंगवा. कटिंगमध्ये गठ्ठा मिलिमीटरभर सरकतोच. सही, डोळे, हाताची बोटं, अक्षरं असं काहीही कापायच्या रेषेपासून ५ मिमी आत हवं. सोशल मीडियासाठी केलेली १०८० पिक्सेल रुंदीची फाइल ए४ वर ताणली तर १३० डीपीआयच्या आसपास उतरते, आणि केसांच्या बारीक रेघा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल वाढवून हरवलेला तपशील परत येत नाही, मूळ फाइलच शोधा.

रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) बदलून द्या. पडद्यावरचा झगझगीत हिरवा, निऑन गुलाबी आणि विजेसारखा निळा छपाईच्या शाईत बसतच नाही, तो मळकट होतो. निळ्याचं जांभळं होणं ही नेहमीची तक्रार. निळ्या भागात मॅजेंटा हा सायनपेक्षा किमान ३० अंकांनी कमी ठेवा. बारीक काळी अक्षरं फक्त के १०० मध्ये (नुसती काळी शाई), नाहीतर चार प्लेटांतली एखादी केसभर हलली की अक्षराला रंगीत सावली येते. मोठा काळा पट्टा मात्र फक्त के १०० ने राखाडी दिसतो. तिथे सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० चालतं.

शाईदौत

कागदकाम यांच्याशी प्रतींच्या हिशेबावर पूर्ण सहमत. रंगाच्या बाबतीत एक दुरुस्ती सुचवतो, कारण इथे बरीच चित्रं वाया जातात.

सीएमवायके करायचं की नाही, हे मशीनवर ठरतं. टोनरच्या (पावडरची शाई वापरणाऱ्या) डिजिटल प्रेसला वरचा सल्ला लागू होतो. पण आर्ट प्रिंट काढणारे इंकजेट आणि फोटो-प्रिंटर यांत सहा, आठ किंवा त्याहून जास्त शाया असतात आणि ते चालवणारे बहुधा एसआरजीबी (पडद्याच्या रंगांची) फाइलच मागतात. तिथे आपण आधीच सीएमवायके करून दिलं तर जे रंग मशीनला सहज जमले असते तेही आपल्याच हाताने मारले जातात. म्हणून पहिला प्रश्न ‘भाव काय’ हा नको. ‘मशीन टोनरचं की इंकजेट, आणि फाइल कुठल्या प्रोफाइलमध्ये हवी’ हा विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरीकडे जा.

दुसरं, प्रूफ. बाराही चित्रांची एकेक प्रत आधी काढा, त्याच कागदावर, त्याच मशीनवर. ती दिवसाउजेडी खिडकीशी धरून बघा. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त परतवतो, त्यामुळे रात्रीच्या दृश्यांची चित्रं हमखास गडद निघतात. अंधारातला तपशील गिळला गेला असेल तर सावल्या थोड्या उचला आणि तेवढंच चित्र पुन्हा काढा. पडद्याचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून रंगवायची सवय लावली तर पुढच्या वेळी हा फरक कमी पडतो.

कागद मॅट किंवा सॅटिन घ्या. हॉलमध्ये दिवे डोक्यावर असतात. ग्लॉसी प्रिंट ग्लॉसी स्लीव्हमध्ये घातला की समोरच्याला चित्राऐवजी ट्यूबलाइट दिसते. जाडी २५० ते ३०० जीएसएम. १७० चा कागद हातात लुळा पडतो, आणि लुळा कागद माणूस चटकन परत ठेवतो. ही गोष्ट चित्राच्या दर्जाइतकीच परिणाम करते, असं माझं मत आहे.

स्टिकर: व्हाइनिल घ्या, कागदी स्टिकर पाण्याने सुटतो. चित्राभोवती २ ते ३ मिमी पांढरी कड ठेवा. कटर थोडा सरकतोच. कड असली तर ते खपून जातं, नसली तर पात्राचा कान कापला जातो. किस-कट म्हणजे वरचा थर कापलेला आणि खालचा कागद अखंड, डाय-कट म्हणजे खालचा कागदही त्याच आकारात कापलेला. विकायला किस-कट सोयीचा, कारण खालच्या कागदावर तुमचं नाव आणि खात्याचा पत्ता छापता येतो.

कीचेनबद्दल स्पष्ट सांगतो: आठ आठवड्यांत पहिल्यांदाच करत असाल तर दोनच डिझाइनं करा, किंवा या वेळी सोडून द्या. नमुना मंजूर करणं, बनवणं आणि पोचणं यात तीन-चार आठवडे सहज जातात, आणि काही चुकलं तर दुसरा घाणा वेळेत येत नाही. चुकतं ते तीन ठिकाणी. चित्राखाली पांढऱ्या शाईचा थर द्यायचा राहतो आणि चेहरा काचेसारखा आरपार दिसतो. भोक कडेला इतकं टेकतं की कडीच्या ओढीने तिथेच तडकतं. ३ मिमी भोकाभोवती किमान ३ मिमी अ‍ॅक्रिलिक ठेवा. आणि तलवार, शेपटी, केसांची बट असे सुटे निघालेले बारीक भाग तसेच कापायला दिले जातात. तेही मोडतात, म्हणून त्यांच्याभोवती पारदर्शक पट्टा धरून आकार गोलसर करा.

बॅज करणं त्या मानाने सोपं. ५८ मिमीच्या बॅजला चित्राचं वर्तुळ साधारण ७० मिमी कापावं लागतं, कारण बाकीचा कागद कडेवरून मागे वळतो. चेहरा ५० मिमीच्या आत बसवा. कापायचं नेमकं माप मशीनप्रमाणे दोनेक मिमी हलतं, ते विचारून घ्या.

उभंआडवं

मांडणीवर लिहितो.

९० सेंमीवर माल आडवा पसरला तर एका ओळीत ए४ चे चारच प्रिंट बसतात आणि दोन ओळींत टेबल संपतं. शिवाय आडवा माल फक्त अगदी समोर उभ्या असलेल्यालाच दिसतो. गर्दीतून चालणाऱ्याला टेबल दिसतच नाही, समोरच्या माणसांच्या पाठी दिसतात. म्हणून चित्रं उभी हवीत, छातीच्या वर.

जाळीचे चौकोनी पॅनल जोडून भिंत करायची पद्धत बरीच रूढ आहे. पण अर्ध्या टेबलावर ती भिंत तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्येच येते, आणि वजनालाही बरीच पडते. त्यापेक्षा पीव्हीसी पाइपची कमान करा. २० किंवा २५ मिमीचा पाइप एकूण ३८० सेंमी लागतो. उभे खांब ५५ सेंमीचे चार तुकडे (दोन-दोन कपलिंगने जोडायचे), वरचा आडवा ८० सेंमीचा एक, पाय २० सेंमीचे चार. जोड असे: कपलिंग दोन, एल्बो दोन (वरच्या कोपऱ्यांना), टी दोन (तीन तोंडांचे), टोप्या चार. टी आडवा टाकून त्याच्या मधल्या तोंडात खांब, दोन बाजूंना पुढचा-मागचा पाय. चिकटवायचं काही नाही, सगळं दाबून बसतं आणि सुटं करून पिशवीत मावतं. सर्वांत लांब तुकडा ८० सेंमीचा.

ही कमान टेबलावर उभी केली की तिची उंची ११५ सेंमीच्या आसपास, जमिनीपासून १९० धरा. आयोजकांची उंचीची मर्यादा आधी वाचा, काही ठिकाणी ती याहून कमी असते. वरच्या दांडीला कापडी पट्ट्या बांधून प्रत्येकीवर एकाखाली एक असे दोन ए४, अशा तीन पट्ट्या. सहा चित्रं लागली, आणि तरी टेबलापासून साधारण ५० सेंमीची खिडकी खाली मोकळी राहिली. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे टेबलाच्या साधारण ४५ सेंमी वर असतात, म्हणजे तुमचा चेहरा त्या खिडकीत दिसतो. चेहरा झाकला गेला तर लोक किंमत विचारत नाहीत.

या कमानीचा दोष एकच: खाली आडवी दांडी नाही, त्यामुळे ती डावी-उजवीकडे झुलते. मागचे पाय टेबलाच्या मागच्या कडेला भिडवून जी-क्लॅम्पने घट्ट करा, प्रत्येक पायाला एक. क्लॅम्पखाली रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर पाइप गोल असल्याने सटकतो. नुसती टेकवून ठेवलेली कमान कोणाची पाठपिशवी लागली की शेजाऱ्याच्या मालावर जाते.

उरलेली सहा चित्रं पारदर्शक पानांच्या फाइलमध्ये घालून टेबलावर उघडी ठेवा. आणि प्रत्येक चित्राला क्रमांक द्या, लटकवलेल्या प्रतीच्या कोपऱ्यात मोठा. साठा खाली कप्प्यांच्या फाइलमध्ये, त्याच क्रमांकांनी. गिऱ्हाईक ‘सात’ म्हणालं की हात थेट सातव्या कप्प्यात जातो. ‘ते निळ्या केसांचं, नाही, त्याच्या बाजूचं’ यात गर्दीच्या वेळी दोन-दोन मिनिटं जातात.

किमतीची पाटी एकच आणि मोठी ठेवा, अंक किमान २ सेंमी उंच. टेबलक्लॉथ पुढच्या बाजूने जमिनीपर्यंत, म्हणजे खालची खोकी झाकली जातात. कापड सटकू नये म्हणून कडेला क्लिपा. बॅज आणि कीचेन बोर्डावर टाचून ठेवा, प्रत्येकाचा एकच नमुना पुढे, साठा तुमच्या बाजूला. बारीक वस्तू वाडग्यात ओतून ठेवल्या की संध्याकाळी हिशेब जुळत नाही.

आठवडाभर आधी घरी फरशीवर चिकटपट्टीने ९० × ७५ चा चौकोन आखा आणि तेवढ्यातच सगळं मांडा. घड्याळ लावा. मग दोन मीटर मागे जाऊन मोबाइलवर फोटो काढा आणि तो फोटो लहान करून बघा. त्यात जे ओळखू येत नाही ते रांगेतून चालणाऱ्यालाही ओळखू येणार नाही. मांडणी पटली की हाच फोटो जवळ ठेवा, त्या दिवशी सकाळी त्यावरून मांडायचं.

रेघारेघा

खूपच उपयोगी, मनापासून आभार. कीचेन या वेळी रद्द. पाइपचं माप उतरवून घेतलं. आर्ट शो आणि फॅन आर्टच्या नियमांबद्दल कोणी सांगाल का? बऱ्याच टेबलांवर ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ अशी पाटी दिसते, ती लावू का? आणि जागेवर कमिशन (गिऱ्हाइकाच्या मागणीवरून काढायची चित्रं) घ्यावीत का, तेही राहिलं.

कलमबंद

ती पाटी लावू नका. तिने काही संरक्षण मिळत नाही. उलट, हे पात्र दुसऱ्याचं आहे हे आपल्याला ठाऊक होतं, एवढंच त्यातून लिखित राहतं.

फॅन आर्ट हे मूळ कलाकृतीवरून बेतलेलं काम असतं, आणि असं काम विकण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. बरेच हक्कधारक लहान प्रमाणातल्या विक्रीकडे काणाडोळा करतात, काही करत नाहीत. काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. जपानचं कोमिकेट हे अशा चाहत्यांच्या कामाचं सर्वांत मोठं उदाहरण. १९७५ मध्ये ३२ गटांनिशी ते सुरू झालं आणि आज तिथला प्रचंड व्यवहार याच अलिखित सहनशीलतेवर चालतो. तिथे एका गटाला मिळणारी जागा ९० × ४५ सेंमी असते, तुमच्यापेक्षाही कमी खोल.

व्यवहारात पाळायचं ते असं. आयोजकांची नियमावली शब्दशः वाचा. फॅन आर्टचं प्रमाण किती चालेल, एआयने केलेलं काम चालतं का, हे तिथे लिहिलेलं असतं. अधिकृत लोगो, मालिकेच्या नावाची खास अक्षररचना आणि अधिकृत पोस्टर गिरवलेली चित्रं अजिबात नकोत. लोगो हा ट्रेडमार्कचाही प्रश्न होतो आणि तिथे काणाडोळा फारसा होत नाही. तुमचं निम्मं काम स्वतःच्या पात्रांचं आहे, हे फार चांगलं आहे. कमानीवर सहातली तीन जागा त्यालाच द्या. ओळखीचं पात्र बघून माणूस थांबतो आणि थांबल्यावर अनोळखी पात्राकडे बघतो. पुढच्या वेळी तो तुमचं नाव शोधत येतो ते त्या दुसऱ्यासाठी.

सहसा कोणी बघत नाही अशी एक जागा म्हणजे फाँट. फुकट मिळणारे कितीतरी फाँट फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात, विकायच्या स्टिकरवर चालत नाहीत. ब्रश, टेक्श्चर आणि संदर्भासाठी घेतलेले फोटो यांचंही तसंच. दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा रंगवला तर त्या छायाचित्रकाराचा हक्क आड येतो.

आर्ट शो ही वेगळीच गोष्ट. विज्ञानकथांच्या कन्व्हेन्शनमधली ही जुनी पद्धत आहे. तिथे चित्रं पॅनलवर टांगतात, प्रत्येकाखाली बोलीचा कागद असतो. त्यावर चित्राचं नाव, माध्यम, किमान बोली लिहायची. बघणारे आपली बोली लिहीत जातात, आणि ठरावीक संख्येहून जास्त बोली आल्या की चित्र लिलावात जातं. कलाकाराला तिथे बसावं लागत नाही. आयोजक टांगण्याचं भाडं किंवा विक्रीवर टक्केवारी घेतात. हाताने केलेल्या मूळ चित्रांना हा रकाना योग्य. तुमचं काम डिजिटल आहे, त्यामुळे पहिल्या वेळी तो रिकामा सोडा.

जलदरेषा

कमिशनचं गणित हातावर नाही, घड्याळावर करा. १५ मिनिटांचं स्केच म्हणजे तासाला चार असं वाटतं. पण मधे गिऱ्हाईक येतं, किंमत विचारतं, सुटे मागतं. प्रत्यक्षात तासाला दोन धरा. शिवाय तुम्ही एकट्या आहात. मान खाली घालून चितारत असताना टेबलावरचा माल बघणारं कोणी नसतं. दिवसाला आठ, एवढी मर्यादा घाला, क्रमांक लिहिलेल्या आठ चिठ्ठ्या ठेवा आणि संपल्या की संपल्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या तीन तासांत नवीन घेऊ नका.

काय करणार तेही बांधून ठेवा: फक्त छातीपर्यंत, एकच पात्र, काळी शाई आणि एक रंग, ए५ कागद. नमुना म्हणून तसं एक चित्र समोर लावा. पैसे आधी. चिठ्ठीवर नाव, संपर्क, पात्र आणि किती वाजता न्यायला यायचं ते लिहा. संदर्भाचा फोटो तुमच्या मोबाइलवर मागवून घ्या, कारण गिऱ्हाईक निघून गेल्यावर पात्राचा डोळा कोणत्या रंगाचा ते सांगायला कोणी नसतं. आणि हॉलमध्ये नेट मिळेलच असं नाही, तेव्हा शोधू असं म्हणू नका.

अल्कोहोल मार्कर वापरत असाल तर खाली दोन जाड कागद ठेवा, तो आरपार उतरतो आणि टेबलक्लॉथवर बसला की निघत नाही. कागद २०० जीएसएमच्या वरचा. रेघा ज्या पेनने काढणार त्यावर मार्कर आधी फिरवून बघा. काही शाया सुकल्यासारख्या दिसतात आणि मार्कर लागताच फिसकटतात. निदान पाच मिनिटं थांबून रंगवा.

पैशांबाबत: क्यूआर कोड १० × १० सेंमीचा, मॅट कागदावर, दोन प्रती. पैसे जमा झाल्याची खात्री स्वतःच्या फोनवर करा, समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर नाही. गर्दी वाढली की नेटवर्क बसतं, म्हणून रोख घेण्याची तयारी हवीच. पहिल्या तासात सुटे सर्वांत जास्त लागतात, आदल्या दिवशीच लहान नोटा आणून ठेवा. रोख कमरेच्या पिशवीत ठेवा, टेबलाखालच्या डब्यात नको. वीज नाही म्हणालात, तर १०,००० एमएएचची पॉवर बँक रोज भरून न्या. आणि जागेवरून उठायचं असेल तेव्हा शेजारच्या टेबलाला सांगून जा. त्यासाठी सकाळी आल्याआल्या ओळख करून घ्या.

रेघारेघा

शेवटचं एक. स्लीव्ह कुठल्या घ्यायच्या? ए४ च्या घेतल्या तर प्रिंट आत जातच नाही.

कागदकाम

तुम्ही नेमक्या ए४ मापाच्या घेतल्या असणार. जाड कागदाला आणि पाठीच्या पुठ्ठ्याला आत जायला जागा लागते, लांबीरुंदीत ७ ते १० मिमी मोठी घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चिकटपट्टी कुठे आहे ते बघा. दोन प्रकार येतात. एकात चिकटपट्टी वरच्या झाकणावर असते, दुसऱ्यात ती पिशवीच्याच अंगावर असते आणि झाकण साधं. झाकणावर चिकट असलेल्या पिशवीतून प्रिंट बाहेर काढताना झाकण थोडं वळतं, पट्टी छापलेल्या बाजूला टेकते आणि वरच्या कडेची शाई सोलून नेते. गडद आकाशाची चित्रं यात सर्वांत जास्त खराब होतात, कारण पांढरा ओरखडा लगेच दिसतो. अंगावर पट्टी असलेल्याच घ्या. दुसऱ्या आधीच आणल्या असतील तर प्रिंट आत-बाहेर करताना झाकण मागे दुमडून धरा.

इंकजेटचे प्रिंट छापून आल्यावर निदान एक दिवस उघडे, सुटे वाळू द्या. लगेच स्लीव्हमध्ये कोंबले तर आतून वाफ धरल्यासारखे धुरकट डाग दिसतात. पुठ्ठा ९९ प्रिंटांना घालू नका, तो कागदापेक्षाही जड असतो. लटकवायच्या सहांना घाला, आणि विकताना द्यायला तीसेक वेगळे ठेवा. बरेच जण फाइल घेऊनच येतात, त्यांना तो लागत नाही.

आणि साठ्याच्या प्रत्येक कप्प्यावर सकाळची संख्या पेन्सिलने लिहा. प्रत्येक विक्रीला रेघ मारण्यापेक्षा संध्याकाळी उरलेले मोजणं सोपं पडतं. पहिल्या दिवशी जे तीनच्या खाली गेलं, त्याची शेवटची प्रत कमानीवरची आहे हे ध्यानात ठेवा. ती विकायची झाली तर खाली उतरवताना क्लिपेचा वळ पडलाय का ते आधी बघा.